मनात शंका असताना मंडळीसमोर 'मी विश्वास धरते' म्हणावं का?

वाचकाचं पत्र

आदरणीय मावशी, जय ख्रिस्त.

मी २३ वर्षांची आहे. आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, पण सध्या मी पुण्याला एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. लहानपणीच माझा बाप्तिस्मा झाला. पुढच्या महिन्यात बिशपसाहेब गावी येणार आहेत, तेव्हा दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची कबुली आता स्वतः मंडळीसमोर देण्यासाठी, पप्पांनी माझंही नाव दिलंय. विश्वासांगीकार, म्हणजे चर्चमध्ये सगळी मंडळी मिळून म्हणते ती विश्वासाची कबुली, मला शब्बाथशाळेपासून पाठ आहे. पण आता म्हणताना 'कुमारी मरीयेपासून जन्मला' आणि 'अधोलोकात उतरला' इथे मी गप्प होते. 'मेलेल्यांतून उठला' हे म्हणावंसं वाटतं, पण आयसीयूतल्या काही रात्रींनंतर तेही जड जातं. पूर्ण पटलेलं नसताना सगळ्यांसमोर म्हणणं म्हणजे देवाच्या घरात खोटं बोलणं नाही का? आणि मी दिवसरात्र आजाऱ्यांची सेवा करते, तीच माझी कबुली का धरू नये? तोंडाने बोलण्याला एवढं महत्त्व कशाला? आजी म्हणते, "पाठ आहे ना, मग झालं." पप्पा म्हणतात, नाव मागे घेतलंस तर मंडळीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मी काय करू?

— तुमची एक वाचक

उत्तर

प्रिय मुली, जय ख्रिस्त.

तुझं पत्र वाचून मला आधी समाधान वाटलं. दृढीकरणाच्या वर्गात मी बरीच वर्षं मुलंमुली पाहिली आहेत. धडाधड पाठ म्हणून दाखवणाऱ्यांची मला कधी फारशी काळजी वाटली नाही, पण त्यांच्याबद्दल फार आशाही वाटली नाही. म्हणता म्हणता मध्येच थांबून "बाई, हे म्हणजे नक्की काय?" असं विचारणारं लेकरू भेटलं, की वाटायचं, हे शब्द कुणीतरी खरोखर उचलून पाहतंय. तू थांबलीस याचा अर्थ तुला त्या शब्दांची किंमत आहे. आजीचं मन दुखवायचं नाही, पण 'पाठ आहे ना, मग झालं' हे मला मान्य नाही. पप्पांच्या 'तोंड दाखवायच्या' प्रश्नाकडे मी शेवटी येते.

आधी तुझा सेवेचा प्रश्न घेऊ, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

विश्वासांगीकार एकदा सावकाश वाचून बघ आणि त्यात तू काय काय करणार आहेस असं लिहिलंय ते शोध. काहीच सापडणार नाही. मी प्रार्थना करीन, दान देईन, गरिबाला मदत करीन, असं एकही वाक्य त्यात नाही. देवाने निर्माण केलं. त्याचा पुत्र जन्मला, त्याने दुःख सोसलं, त्याला वधस्तंभावर खिळलं, पुरलं, तो उठला, तो येणार आहे. पापांची क्षमा आहे, देहाचं पुनरुत्थान आहे. सगळी क्रियापदं त्याची आहेत. तुझ्याकडे एकच क्रियापद येतं, 'विश्वास धरते'.

म्हणून तुझी सेवा कितीही मोलाची असली, तरी ती या कबुलीची जागा घेऊ शकत नाही. ती तुझी सेवा आहे, तुझ्या हातांची. ज्या रात्री तुझे हात थकतात, बेड नंबर अमुकचा माणूस सगळं करूनही जातो, नातेवाईक तुझ्यावरच ओरडतात आणि सकाळी सहा वाजता चार्ट पूर्ण करताना तुझ्यात करुणा नावाची वस्तू शिल्लक नसते, त्या रात्री तू कशावर उभी राहणार? तुझी सेवाच तुझा पाया असेल, तर सेवा कमी पडली की पाया हलला. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात सांगतो की येशू ख्रिस्त हा पाया घातलेला आहे, दुसरा कुणालाही घालता येत नाही. आपल्या कबुलीला आपण पाया म्हणतो तो एवढ्याच अर्थाने, की ती त्या घातलेल्या पायाकडे बोट दाखवते. कबुलीत स्वतःचं असं बळ नाही. याकोबाने तर स्पष्ट लिहिलंय की देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथरतात. आणि 'प्रभू, प्रभू' म्हणणाऱ्या प्रत्येकाचा स्वर्गाच्या राज्यात प्रवेश होणार नाही, हे खुद्द येशूचे शब्द आहेत. म्हणजे नुसत्या तोंडाच्या कबुलीवर पवित्र शास्त्रानेच, बायबलनेच, इतके कडक शेरे मारलेत, की तुला वेगळे मारायची गरज नाही.

मग तोंडाने बोलायचंच कशाला? कारण विश्वास ही खासगी ठेव नाही. रोमकरांस पत्रात, १० व्या अध्यायात, पौल मुख आणि अंतःकरण ही दोन्ही एकाच दमात घेतो: येशू प्रभू आहे असं मुखाने कबूल करशील आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं असा अंतःकरणात विश्वास धरशील, तर तुझं तारण होईल. पहिल्या मंडळीची कबुली एवढीच होती बघ. 'येशू प्रभू आहे.' पण प्रभू म्हटलं, की दुसरा कुणी प्रभू उरत नाही, आणि रोमी सत्तेला ते लगेच कळलं.

सुमारे ११२ साली बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानाला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांना तो तीनदा विचारायचा, 'तू ख्रिस्ती आहेस का?' नाही म्हणणाऱ्याला देवांची प्रार्थना करावी लागे, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहावा लागे आणि ख्रिस्ताला शाप द्यावा लागे. खरे ख्रिस्ती असतात त्यांच्याकडून हे करवून घेता येत नाही असं म्हणतात, हे प्लिनीच लिहितो. जास्त माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींना यातना दिल्या. मंडळीत त्यांना 'सेविका' म्हणत, एवढंच तो सांगतो. त्यांची नावं त्याने लिहिली नाहीत. त्या आजाऱ्यांची शुश्रूषा करत असतील, विधवांकडे भाकरी पोहोचवत असतील. मंडळीतल्या सेविकांकडून पुढे हीच अपेक्षा असे. पण त्यांच्या सेवेबद्दल त्यांना कुणी पकडलं नव्हतं. सेवा कुणालाही चालते, तिने कुणाचं सिंहासन हलत नाही. त्यांना विचारलं गेलं ते त्या कुणाच्या आहेत हे. तुझ्यासारख्या नर्सला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली.

'मनात आहे ना, मग मंडळीसमोर कशाला' हा प्रश्नही जुनाच आहे. चौथ्या शतकात रोममध्ये विक्टोरिनस नावाचा मोठा वक्तृत्वाचा गुरू होता. सरदारांची मुलं त्याच्याकडे शिकायची, चौकात त्याचा पुतळा उभारलेला होता. म्हातारपणी त्याने पवित्र शास्त्र वाचलं आणि सिंप्लिकियानस या आपल्या मित्राला खासगीत म्हणू लागला, "मी आता ख्रिस्तीच आहे." मित्र म्हणे, "तुला मंडळीत पाहीन तेव्हा खरं मानीन." त्यावर हा हसून विचारी, "मग काय, भिंती माणसाला ख्रिस्ती करतात?" असं बरेच दिवस चाललं. खरी गोष्ट अशी की त्याला प्रतिष्ठित मित्रांची भीती वाटत होती. शेवटी एक दिवस तो स्वतःच म्हणाला, "चल, मंडळीत जाऊ." तेव्हा रोममध्ये बाप्तिस्म्याआधी उमेदवाराला उंच जागी उभं राहून विश्वासांगीकार तोंडपाठ म्हणावा लागे. लाजऱ्याबुजऱ्यांना एकांतात म्हणण्याची सवलत असे. मंडळीच्या पाळकांनी ती त्यालाही देऊ केली. त्याने ती नाकारली. तो वर चढला तेव्हा लोकांत कुजबुज पसरली, "विक्टोरिनस! विक्टोरिनस!" आणि त्याचे शब्द ऐकायला सगळे एकदम शांत झाले. पुढे मोठा धर्मगुरू झालेल्या ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याने तो सिंप्लिकियानसच्याच तोंडून ऐकला होता, आणि ऐकल्यावर आपणही असंच करावं या इच्छेने तो पेटून उठला. एकाची कबुली दुसऱ्याच्या विश्वासाला अशी हात देते. तू मनातल्या मनात ठेवलेल्या विश्वासाचा तुझ्या शेजारी बसलेल्या विधवेला काय उपयोग?

आता तुझ्या अडखळण्याकडे येते. तू तीन वाक्यं लिहिलीस, पण ती तिन्ही एका मापाची नाहीत.

'अधोलोकात उतरला' हे रोमच्या मंडळीच्या जुन्या विश्वासांगीकारात नव्हतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रुफिनस नावाच्या पाळकाने आपल्या अक्विलिया गावच्या विश्वासांगीकारावर विवरण लिहिलं. हे वाक्य आमच्याकडे आहे, रोममध्ये नाही, असं त्यात त्यानेच नोंदवून ठेवलंय. मेथॉडिस्ट मंडळींपैकी काहींच्या उपासनेत ते आजही म्हणत नाहीत. त्याचा अर्थ काय याबद्दल मोठमोठ्या विद्वानांत मतभेद आहेत. मला स्वतःला ते वाक्य प्रिय आहे. माणूस मरून जिथे कुठे जातो, तिथपर्यंत येशू गेला, एकही जागा त्याने सोडली नाही, असं मी ते म्हणताना धरते. तू आयसीयूत काम करतेस, कदाचित पुढे तूच ते माझ्यापेक्षा मनापासून म्हणशील. पण आज ते कळत नाही म्हणून दृढीकरण अडायचं काही कारण नाही.

कुमारीच्या पोटी जन्माचं वाक्य मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांवर उभं आहे, मंडळीने ते पहिल्यापासून जपलंय आणि मीही मनापासून म्हणते. तरी एक गोष्ट बघ. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आणि पौल यांची भाषणं आहेत, त्यांतलं एकही तिथून सुरू होत नाही. त्यांतली बहुतेक येऊन ठेपतात उठलेल्या येशूपाशी. लोक आधी जिवंत येशूला भेटले, मग त्याच्या जन्माकडे वळून पाहू लागले. तूही त्याच क्रमाने ये. आधी कबरेचा प्रश्न सोडव, मग बेथलेहेमला जा.

कारण तिसरं वाक्य मात्र तसं नाही. 'मेलेल्यांतून उठला' यावर सवलत द्यायला मी तयार नाही. मीच काय, पौलही नव्हता. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असं त्याने करिंथकरांना लिहून टाकलंय. त्याच अध्यायात तो स्वतःला मिळालेली कबुली जशीच्या तशी पुढे देतो: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे पेत्राला, आणि मग बारा जणांना दिसला. हे पत्र इ. स. ५५च्या आसपासचं. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण अजून जिवंत आहेत, असंही तो लिहितो, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावं. आपली कबुली ही अशी आहे, तारीखवार घडलेल्या गोष्टीची. म्हणून तर त्यात येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या पिलातासारख्या माणसाचं नाव आलं. दर रविवारी जगभर कोट्यवधी लोक एका रोमी अधिकाऱ्याचं नाव घेतात, ते त्याचा मान म्हणून घेत नाहीत. हे अमक्याच्या अमलात, अमक्या ठिकाणी घडलं म्हणून घेतात. १९६१ साली समुद्रकाठच्या कैसरीयात उत्खननात एक दगड सापडला. त्यावर पिलाताचं नाव आणि यहूदियाचा अधिकारी हा हुद्दा कोरलेला आहे.

पण 'मला हे खोटं वाटतं' आणि 'मला हे काही रात्री जड जातं' यात फार फरक आहे, आणि तू दुसरं लिहिलंयस. ज्याचा मुलगा आजारी होता तो बाप येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एकाच श्वासात. येशूने त्याला, आधी नीट ठरवून ये, असं सांगितलं नाही. त्याचा मुलगा बरा केला. येशूचा शिष्य थोमा याचंही तसंच. येशू उठला हे बाकीच्या दहा शिष्यांच्या सांगण्यावरून मानायला तो तयार नव्हता. पण पुढचे आठ दिवस तो त्यांना सोडून गेला नाही आणि त्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही. दार बंद करून बसलेल्या त्या खोलीत तो त्यांच्यासोबत होता, म्हणूनच येशू आला तेव्हा त्याला भेटला. 'माझा प्रभू आणि माझा देव' ही सगळ्या शुभवर्तमानांतली सर्वांत मोठी कबुली त्या शंकेखोराच्या तोंडची आहे.

पेत्राकडेही बघ. 'आपण ख्रिस्त, जिवंत देवाचे पुत्र आहात' असं तो म्हणाला आणि त्यावरूनच येशूने 'या खडकावर मी आपली मंडळी रचीन' ही गोष्ट काढली. खडक म्हणजे खुद्द पेत्र की पेत्राची कबुली, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शतकानुशतकं वाद घालत आलेत. त्यात आपण आज शिरायला नको. ही कबुली त्याला रक्तमांसाने नव्हे, स्वर्गातल्या पित्याने दाखवली, असं येशूने म्हटलं यावर दोघांचं एकमत आहे. आणि तोच पेत्र काही ओळींनंतर येशूची खरडपट्टी ओढवून घेतो, वधस्तंभाच्या आदल्या रात्री तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणतो. पहिली कबुली दिली तेव्हा त्याला काय काय कळलेलं नव्हतं याची ही यादीच आहे. तरी ती कबुली खोटी ठरली नाही.

तू नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला दिवा हातात घेऊन शपथ घेतली असशील. तेव्हा तुला आयव्ही लाइन तरी लावता येत होती का? शपथ खोटी होती का? तू एका कामाला स्वतःला दिलंस आणि त्याचा अर्थ वॉर्डात शिकत गेलीस. मंडळीसमोर उभं राहणं बरंचसं असंच आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या देवपणाबद्दल, मंडळीच्या अधिकाराबद्दल तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांची पत्रापत्री झाली, आणि ती चांगलीच तिखट आहे. स्वतःला शास्त्रात जे दिसत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून आपण म्हणणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आश्रय देणाऱ्यांसमोर, परक्या देशात, एकट्या बाईने ती घेतली. पुढे त्यांनीच लिहिलं की त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी सापडला. आणि मग त्या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बसून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं; १९२२ साली वारल्या तेव्हा ते काम पुरं झालेलं होतं. खोटं न बोलण्याच्या त्यांच्या हट्टाने त्यांचा विश्वास बुडाला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंही आठव. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांचा १९०० साली. मधल्या वर्षांत नवऱ्याची कबुली त्यांनी उसनी घेतली नाही. तू तर ख्रिस्ती घरात जन्मलीस, तुझ्यावर ताटातूट आणि बहिष्कार असं काही येणार नाही. पण आजीची कबुली आजीची आहे. ती तुझी व्हायला हवी, आणि दृढीकरण असतं ते नेमकं यासाठी. तान्हेपणी तुझ्या वतीने आईबापांनी जे उत्तर दिलं, ते आता तू स्वतःच्या तोंडाने द्यायचं.

एक गोष्ट जाता जाता, कारण ती मला सलते. आपल्या मंडळ्यांत विश्वासांगीकारातलं 'पवित्र जनांची सहभागिता' हे वाक्य दर रविवारी मोठ्याने म्हटलं जातं आणि त्याच आठवड्यात लग्नाच्या बायोडाटावरून समोरच्याची मूळ जात काढली जाते. माझ्या मते कबुलीचा खरा खोटेपणा हा आहे. 'अधोलोकात उतरला' इथे गप्प होणारी पोरगी खोटी नाही. पप्पांच्या मंडळीत कुणी तुझ्या नावावरून कुजबुजलंच, तर त्यांना हे वाक्य नीट म्हणता येतं का ते आधी बघावं.

तर आता काय करायचं. पाळकसाहेबांना फोनवर सांगू नकोस, सुट्टी काढून गावी जा आणि पत्रात लिहिलंस तसंच, त्याच शब्दांत, समोर बसून सांग. दृढीकरणाच्या वेळी जे प्रश्न विचारले जातात ते त्यांच्याकडून लिहून घे आणि ड्यूटी नसलेल्या एखाद्या सकाळी एकटीने ते मोठ्याने वाच. येशू ख्रिस्ताला प्रभू आणि तारणारा मानतेस का, देवाने त्याला उठवलं यावर विश्वास धरतेस का, इथे तुझ्याकडून 'होय' निघत असेल, भले आवाज कापत का असेना, तर बाकीच्या शंका सोबत घेऊन खुशाल उभी राहा. विश्वासांगीकार पूर्ण म्हण. तो एकट्या तुझा नाही. पिढ्यानपिढ्यांच्या मंडळीपासून तुझ्या आजीपर्यंत सगळ्यांचा आहे. जे वाक्य आज तुझ्याने पेलत नाही ते तुझ्या भोवतीची मंडळी पेलते आहे, तू त्यांच्यासोबत म्हणतेस. यात खोटं काही नाही.

आणि त्या दोन प्रश्नांना मनातून 'नाही' येत असेल, तर थांब. नाव मागे घे. बिशपसाहेब पुन्हा येतील. प्रार्थनेला जाणं सोडू नकोस, थोमासारखी त्याच खोलीत राहा, मार्काचं शुभवर्तमान सलग वाच, रात्रपाळीनंतर देवाशी भांडायचं तर भांड. आजीला आणि पप्पांना हे तू स्वतः सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. पप्पांना वाईट वाटेल. त्यांना हे उत्तर वाचायला दिलंस तरी चालेल, आणि माझा निरोप म्हणून सांग, की मुलीने खरं बोलल्यामुळे कुठल्याही ख्रिस्ती बापाची मान खाली जात नाही.

दोन्हींपैकी काहीही ठरवलंस तरी पाळकसाहेबांकडे लवकर जा. उमेदवारांची यादी बिशपसाहेबांकडे आधीच पाठवावी लागते, आणि तुझ्याशी नीट बोलायला त्यांनाही दोन-तीन बैठका लागतील.

ख्रिस्तात तुझी,
मावशी